प्रीमियर पद्मिनीचा कार्ब्युरेटर आणि बिघडलेले मिश्रण : दोष शोधण्याची पद्धत

सिग्नलला थांबली की बंद पडणारी, चढावर झटके मारणारी किंवा सकाळी चोक ओढूनही चार-पाच वेळा सेल्फ मारल्याशिवाय सुरू न होणारी पद्मिनी गॅरेजात नेली, की बहुतेक वेळा पहिला हात कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरतो, इंजिनाचा आवाज क्षणभर सुधारतो, आणि दोनच दिवसांत तक्रार परत येते. जुनी गाडी स्वतः सांभाळणाऱ्याने हा क्रम उलटा करावा, म्हणजे स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा, असे मला अनेक वर्षांच्या अनुभवाने वाटते. कारण पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण बिघडल्याची म्हणून जी लक्षणे आपण ओळखतो, त्यांतील निम्मी तरी ठिणगी, टॅपेट (व्हॉल्व उघडणारे भाग) किंवा हवेची गळती यांचीही असू शकतात, आणि अशा वेळी कार्ब्युरेटरची जुळणी हलवली की मूळ दोष झाकला जाऊन दुसरा नवा दोष पदरी पडतो.

येथे मी प्रीमियर पद्मिनीच डोळ्यांसमोर ठेवली आहे. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडू लागलेली आणि १९७० च्या दशकात पद्मिनी झालेली ही गाडी, तिचे १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि त्यावर बसणारा एका घशाचा, वरून खाली हवा घेणारा सोलेक्स कार्ब्युरेटर, हे सारे इतके साधे आहे की घरच्या अंगणात उघडून समजून घेता येते. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली आणि तिच्या पाठोपाठ आवाजावरून जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) ओळखणारे मिस्त्रीही कमी होत चालले आहेत. म्हणूनच मालकाने हे काम स्वतः शिकून घेणे आता हौसेपुरते राहिलेले नाही.

काम सुरू करण्यापूर्वी सुरक्षिततेच्या चार गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी, कारण बंद गॅरेजात चालणाऱ्या इंजिनाचा धूर जीवघेणा असतो. पेट्रोलची नळी काढण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. एअर फिल्टर काढलेला असताना आणि सेल्फ मारला जात असताना कार्ब्युरेटरच्या घशात वाकून पाहू नये, कारण उलटा भडका थेट चेहऱ्यावर येतो. सुरू न होणाऱ्या इंजिनाला बाटलीतून पेट्रोल पाजण्याची जी पद्धत रस्त्याकडेला सर्रास दिसते, ती पूर्णपणे टाळावी.

तक्रार केव्हा येते, ते आधी लिहून काढा

पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. प्रत्यक्षात इंजिनाची मागणी सतत बदलते : सपाट रस्त्यावर सावकाश जाताना थोडे पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचे, मिश्रण चालते, पूर्ण जोर लावताना १२.५ ते १३ भाग हवेचे घट्ट मिश्रण लागते, आणि थंड इंजिन सुरू करताना त्याहूनही पुष्कळ अधिक पेट्रोल द्यावे लागते. या वेगवेगळ्या मागण्या पुरवण्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये वेगवेगळे मार्ग असतात. थंड इंजिनासाठी चोकचा मार्ग, आयडलिंगसाठी, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन मंद चालते ठेवण्यासाठी, पायलट जेट (ज्याला आपल्याकडे स्लो जेट म्हणतात), ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर पेट्रोलची पिचकारी मारणारा डायफ्रॅमचा पंप, आणि वेग धरल्यावर मेन जेट. या सर्वांना पेट्रोल मिळते ते एकाच वाटीतून, आणि त्या वाटीतली पातळी राखतो तो फ्लोट व त्याचा नीडल व्हॉल्व.

यामुळे दोषाची वेळ हाच सर्वांत मोठा पुरावा ठरतो. केवळ आयडलिंग बिघडले असून वेगात गाडी चांगली पळत असेल, तर मेन जेटचा संबंध नाही. आयडलिंग उत्तम असून सिग्नल सुटताना पाय दाबल्यावर इंजिन क्षणभर गुदमरत असेल, तर पंपाकडे पाहावे. वेगात आणि चढावरच दम जात असेल, तर पेट्रोलचा पुरवठा किंवा मेन जेट संशयित ठरतो. आणि सगळ्याच अवस्थांत काळा धूर, पेट्रोलचा वास आणि घसरलेले ॲव्हरेज असेल, तर वाटीतील पातळी वर गेलेली असण्याची शक्यता प्रथम धरावी. तक्रार इंजिन थंड असताना येते की तापल्यावर, टाकी भरलेली असताना की अर्धी झाल्यावर, पेट्रोल कोणत्या दिवशी भरले, हे सारे तारखेसह वहीत लिहावे. या नोंदीने माझे जितके श्रम वाचले आहेत तितके कोणत्याही महागड्या हत्याराने वाचलेले नाहीत.

मिश्रण घट्ट आहे की पातळ, याची एक सोपी परीक्षा रस्त्यावरच घेता येते. इंजिन पूर्ण तापलेले असताना गाडी झटके देत असेल, त्या वेळी चोकची मूठ किंचित ओढावी. झटके थांबले तर पेट्रोल कमी पडते आहे, वाढले तर ते आधीच जास्त आहे. दोन्हींपैकी काहीच झाले नाही, तर बहुधा दोष मिश्रणाचा नाहीच.

कार्ब्युरेटर निर्दोष आहे असे धरून सुरुवात

प्रथम ठिणगी पाहावी. चारही प्लग काढून क्रमाने मांडावेत, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचे (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचे) अंतर फिलर गेजने आपल्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे लावावे, पॉइंटवर खड्डा आणि टेकाड झालेले असेल तर पॉइंट बदलावेत, आणि टायमिंग तपासावे. उशिरा पडणारी ठिणगी पिकअप मारते, इंजिन तापवते आणि ॲव्हरेज खाते. ही तिन्ही लक्षणे मिश्रणाच्या नावावर खपून जातात. आमच्या १९८४ सालच्या पद्मिनीने एका उन्हाळ्यात तापल्यावर मिसिंग सुरू केले, आणि मी लागोपाठ तीन रविवार कार्ब्युरेटर उघडून साफ केला. दोष निघाला तो कंडेन्सरमध्ये : थंड असताना तो व्यवस्थित चाले आणि तापला की पॉइंटवर निळसर ठिणग्या उडत. अंधारात डिस्ट्रिब्युटरचे झाकण बाजूला करून, पॉइंट हाताने उघडमीट करून त्या पाहिल्या असत्या, तर पहिल्याच संध्याकाळी उलगडा झाला असता.

त्यानंतर टॅपेटची फट पुस्तकाप्रमाणे लावावी आणि शक्य असल्यास चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा बराच खाली असेल, तर जगातला कोणताही जेट आयडलिंग सरळ करू शकणार नाही.

हवेची गळती ही मात्र या टप्प्यातील सर्वांत फसवी गोष्ट आहे. कार्ब्युरेटर ज्या फ्लॅंजवर बसतो तेथील पॅकिंग, तेथील नट, आणि व्हॅक्यूमच्या ज्या काही नळ्या असतील त्यांची टोके यांतून आत शिरणारी हवा मोजली न जाताच सिलिंडरमध्ये जाते आणि मिश्रण पातळ करते. मिस्त्री याला गाडी हवा घेते आहे असे म्हणतात. आयडलिंगच्या वेळी आत ओढ जास्त आणि एकूण हवा कमी असते, त्यामुळे थोड्या गळतीनेही इंजिन वरखाली होते. वेगात तीच गळती लक्षातही येत नाही. चालू इंजिनावर संशयित जोडाशी जाड ब्रशने थोडे इंजिन ऑइल लावावे. क्षणभर आवाज बदलला, तर जागा सापडली. ज्वलनशील फवारे गरम सायलेन्सरजवळ मारू नयेत. नट आवळताना दोन्ही बाजू आळीपाळीने आणि बेताने आवळाव्यात, कारण जोर लावून आवळलेला फ्लॅंज वाकतो आणि मग कितीही नवे पॅकिंग टाकले तरी फट राहते. फ्लॅंज काढून जाड काचेवर ठेवला, की वाक लगेच दिसतो.

चाळीस वर्षांच्या कार्ब्युरेटरमध्ये आणखी एक गळती हमखास असते, ती थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडमीट होणाऱ्या झडपेच्या, दांडीची. दांडीचे टोक बोटांत धरून वरखाली हलवावे. जाणवण्याइतका सैलपणा असेल, तर दांडीच्या भोवतीने हवा शिरते आहे, आणि तीही प्रत्येक वेळी वेगळ्या प्रमाणात. म्हणूनच असे इंजिन एका सिग्नलला छान चालते आणि पुढच्या सिग्नलला बंद पडते. यावर स्क्रूने इलाज होत नाही. चांगल्या लेथवाल्याकडून कार्ब्युरेटरच्या बॉडीत पितळी बुश बसवून घ्यावेत.

व्हॅक्यूम गेज मिळाले तर हे सारे काम बरेच सोपे होते. निरोगी इंजिन समुद्रसपाटीला आयडलिंगवर साधारण १७ ते २१ इंच पारा स्थिर दाखवते, आणि दर हजार फुटांना हा आकडा सुमारे एक इंचाने उतरतो. पुण्याची उंची साडेअठराशे फुटांच्या आसपास आहे, तेव्हा तेथे दोनएक इंच कमी दिसले तर घाबरण्याचे कारण नाही.

पेट्रोल पोहोचते आहे का

आता टाकीपासून पुढे यावे. गाडी रस्त्यात मेली असेल, तर सर्वप्रथम टाकीचे झाकण उघडून कान द्यावा. आत हवा ओढल्याचा फुस्स असा आवाज आला, तर झाकणाचे छिद्र बुजलेले आहे. टाकीत पोकळी तयार होऊन पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. या एका छिद्रापायी पंप बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

इंजिनाच्या कॅमवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाला आपल्याकडे एसी पंप म्हणतात. त्याची परीक्षा घेताना कॉइलची वायर काढून ठिणगी बंद करावी, कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे तोंड बाटलीत धरावे आणि मगच बॅटरी जोडून कुणाला तरी सेल्फ मारण्यास सांगावे. प्रत्येक ठोक्याला जोरदार पिचकारी आली पाहिजे. ती मलूल असेल किंवा तिच्यात बुडबुडे असतील, तर पंपाच्या अलीकडची रबरी नळी चिरलेली आहे, जाळी तुंबली आहे किंवा डायफ्रॅम थकला आहे. डायफ्रॅम फाटला असेल तर पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक काढून वास घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, तर ऑइल बदलेपर्यंत इंजिन चालवू नये.

काही मालक जुन्या पंपाला कंटाळून इलेक्ट्रिक पंप बसवतात. इंजेक्शनच्या गाडीचा पंप येथे अजिबात चालत नाही, कारण त्याचा दाब इतका असतो की नीडल व्हॉल्व त्यापुढे बंदच राहू शकत नाही, आणि गाडी ओव्हरफ्लो करू लागते. कार्ब्युरेटरला साधारण ३ ते ४ पौंड दाब पुरतो.

वाटी उघडल्यावर

एवढे सगळे ठीक असेल, तरच कार्ब्युरेटरचे झाकण उघडावे. खाली पांढरे स्वच्छ कापड अंथरावे, काढलेला प्रत्येक भाग क्रमाने मांडावा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यावा.

एका पावसाळ्यानंतर उघडलेल्या वाटीचे दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. वरून पाहता पेट्रोल स्वच्छ होते. वाटी थोडी कलती केली, तेव्हा तळाशी पाऱ्यासारखा एक गोल थेंब घरंगळत जेटच्या भोकाकडे गेला आणि तिथेच अडून बसला. तो पाण्याचा थेंब होता. भोवती धातूवर भिंतीला लोणा लागावा तशी पांढरी भुकटी जमली होती. चढावर मान टाकणारी आणि सपाटीवर शहाणी होणारी गाडी नेमके काय सहन करत होती, ते त्या थेंबाने दाखवले. असे पाणी दिसले तर केवळ वाटी पुसून भागत नाही. टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून पाहावे लागते.

जेट काढण्यासाठी त्याच्या खाचेत बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हर वापरावा. पितळ मऊ असते आणि लहान पात्याने खाच लगेच मोडते. जेट उजेडासमोर धरून पाहावा : भोक पूर्ण गोल दिसले पाहिजे. एका कडेला चंद्रकोरीसारखी सावली असेल तर वार्निशचा थर बसला आहे. तो कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवून आणि हवेच्या दाबाने उडवून काढावा. तार किंवा टाचणी घालू नये. एका गॅरेजात आमच्या गाडीचा मेन जेट तारेने कोरून साफ केला गेला होता, आणि पुढचे वर्षभर ती गाडी काळा धूर ओकत राहिली. जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे १२० आकड्याचा जेट हा १.२० मिलिमीटरचा. तारेने केसभर जरी भोक मोठे झाले, तरी आकडा तोच राहतो आणि माप खोटे होते.

फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत खळखळ ऐकू आली, तर त्याला भोक आहे. आवाज आला नाही तरी तो गरम पाण्यात बुडवून पाहावा. आतली हवा तापून फुगते आणि चिरेतून बारीक बुडबुड्यांची माळ वर येते. भोक बुजवताना डाग देणाऱ्याने कथिलाचा मोठा गोळा ठेवला, तर फ्लोटचे वजन वाढते, तो पेट्रोलमध्ये अधिक बुडतो, व्हॉल्व उशिरा बंद होतो आणि वाटीतील पातळी वर जाते. म्हणून आत गेलेले पेट्रोल पूर्ण काढून, डाग शक्य तितका पातळ देऊन, शेवटी वजन ताडून पाहावे.

नीडल व्हॉल्वच्या टोकाच्या शंकूवर नखाने चाचपल्यास गोल खाच लागत असेल, तर व्हॉल्व बदलावा. सोलेक्सच्या या जातीत वाटीतील पातळी व्हॉल्वखालच्या तांब्याच्या वॉशरच्या जाडीने ठरते. जाड वॉशर टाकला की व्हॉल्व खाली येतो, फ्लोट त्याला लवकर बंद करतो आणि पातळी उतरते. पातळ वॉशरने ती चढते. तेव्हा झाकण परत लावताना हा वॉशर हरवणे किंवा त्याच्या जागी हाताला लागलेला दुसरा घालणे म्हणजे संपूर्ण गाडीचे मिश्रण नकळत बदलणे होय.

कार्ब्युरेटरमधल्या डायफ्रॅमच्या पंपाची परीक्षा इंजिन बंद असताना घ्यावी. वाटी भरलेली असू द्यावी, एअर फिल्टर काढावा आणि हाताने थ्रॉटल झटकन उघडावा. नळीतून घशात लगेच, न तुटणारी पिचकारी पडली पाहिजे. ती उशिरा आली किंवा नुसतेच थेंब पडले, तर डायफ्रॅम कडक झाला आहे. सिग्नल सुटताना मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवावेत असा जो क्षणभराचा अडखळा येतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

आयडलिंगची जुळणी

आता स्क्रूची पाळी. कार्ब्युरेटरला दोन स्क्रू असतात : एक थ्रॉटलला टेकून वेग ठरवणारा आणि दुसरा तळाशी, आयडलिंगच्या मिश्रणाचे प्रमाण ठरवणारा. दुसरा आत फिरवला की मिश्रण कमी होते, बाहेर काढला की वाढते. तो प्रथम अगदी हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्यावा आणि दीड फेरा बाहेर काढावा. जोर लावल्यास त्याच्या सुईसारख्या टोकावर वळ उठतो आणि पुढे कधीच नीट जुळणी होत नाही.

गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून इंजिन पूर्ण तापवावे, चोक पूर्ण आत असल्याची खात्री करावी आणि वेगाच्या स्क्रूने आयडलिंग नेहमीपेक्षा थोडे वर ठेवावे. मग मिश्रणाचा स्क्रू पाव पाव फेऱ्याने आत घेत जावा. इंजिन अडखळू लागले की थांबून तो सावकाश बाहेर काढावा, वेग चढत जाईल, आणि जिथे तो सर्वाधिक आणि आवाज सर्वांत सलग असेल तिथे सोडावा. मग वेगाच्या स्क्रूने आयडलिंग खाली आणावे आणि सारी क्रिया पुन्हा एकदा करावी. प्रत्येक बदलानंतर दहा-पंधरा सेकंद थांबावे, कारण इंजिनाला नव्या जुळणीवर स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत घेतला तरी इंजिन बंद पडत नसेल, तर ती फार महत्त्वाची खूण आहे. इंजिनाला पेट्रोल दुसरीकडून मिळते आहे : थ्रॉटल प्रमाणाबाहेर उघडा आहे, वाटी ओव्हरफ्लो करते आहे किंवा चोकचा मार्ग पुरता बंद होत नाही. चोकची केबल आतून गंजून मूठ आत गेली तरी खालचा दांडा अर्धवट राहणे, हे पावसाळ्यानंतर नेहमी घडते. केबल सोडवून दांडा हाताने बंद करून पाहिल्यास लगेच कळते.

ज्यांच्या कानाला खात्री वाटत नाही, त्यांनी पीयूसी केंद्रावर गर्दी नसेल अशा वेळी जाऊन तेथील यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पाहत स्क्रू लावावा. सन २००० पूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर ३ टक्क्यांची मर्यादा आहे. नीट जुळलेली पद्मिनी त्याच्या आत सहज बसते आणि तरीही थरथरत नाही.

प्लगचा रंग वाचणे

वेगातील मिश्रणाची परीक्षा आयडलिंगवर होत नाही. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये स्थिर वेगाने चारपाच किलोमीटर चालवावी, मग क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि गाडी कडेला घरंगळू द्यावी. ज्या गाडीला स्टिअरिंग लॉक आहे तिची किल्ली लॉकच्या खुणेपर्यंत जाणार नाही याची काळजी घेणे अत्यावश्यक आहे. तेथेच प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग योग्य. कोरडी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरेफटक, भाजल्यासारखे चिनीमातीचे टोक म्हणजे पेट्रोल कमी. आणि ओलसर, तेलकट काळे म्हणजे रिंग किंवा व्हॉल्वकडून ऑइल येते आहे, त्याचा मिश्रणाशी संबंध नाही. जुन्या पुस्तकांतले गडद तपकिरी रंग शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहेत. शिसे गेल्यावर आणि त्यात इथेनॉल आल्यावर प्लग एकंदरीत फिके दिसतात, हे लक्षात ठेवून निष्कर्ष काढावा.

ई-२० ने काय बदलले

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण कारखान्याने ठरवून दिलेले जेट ज्या पेट्रोलसाठी होते, ते पेट्रोल आता पंपावर मिळत नाही. ऊस आणि धान्य यांपासून बनलेले इथेनॉल त्यात मिसळलेले असते. इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असल्याने त्याला ज्वलनासाठी वजनाने केवळ ९ भाग हवा लागते, आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर, म्हणजे ई-२० मध्ये, पूर्ण ज्वलनाचे प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल देतो, म्हणजे इंजिनाला मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ मिळते. ज्या गाडीची मूळ जुळणी थोडी घट्ट होती, ती हे पचवते आणि कधी कधी आयडलिंगला अधिक स्वच्छही चालते. जी आधीच काठावर होती, ती थंडपणी अडखळते, सपाट रस्त्यावर हलके झटके देते आणि चढावर तापते.

आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल साधारण किती आहे, हे घरी पाहता येते. काचेच्या मोजपात्रात १०० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घालून, उघड्या हवेत, झाकण लावून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. इथेनॉल पाण्याकडे जाते आणि तळाचा थर वाढतो. तो तीसच्या आसपास गेला, तर पेट्रोल ई-२० आहे.

चोकची परीक्षा, प्लगचा रंग आणि झटके हे तिन्ही पुरावे पेट्रोल कमी असल्याचे सांगत असतील आणि हवेची गळती नाही याची खात्री झाली असेल, तरच मेन जेट एक पायरी मोठा घ्यावा. १२० च्या जागी १२५ घातला, तर भोकाचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते, म्हणजे ई-२० ने आणलेली तूट जवळजवळ तंतोतंत भरून निघते. आकडा आपल्या गाडीतील जेटवर पाहून त्याच हिशेबाने ठरवावा, मूळ जेट डबीत जपून ठेवावा आणि एका वेळी एकच बदल करावा. जेट आणि जुने सुटे भाग पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात शोधल्यास अजूनही हाती लागतात. मात्र वापरलेला जेट घेताना तो कोरलेला नाही, हे तेथेच उजेडासमोर धरून पाहावे.

जेटपेक्षाही रबराकडे आधी लक्ष द्यावे. जुन्या रबरी नळ्या, एसी पंपाचा आणि कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम हे इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात आणि त्यांचे काळे कण जेटमध्ये जातात. नळी पिळून पाहावी. बोटांना काळे लागले किंवा पृष्ठभागावर बारीक भेगा उठल्या, तर इथेनॉलला टिकणारी नळी आणूनच पुढचे काम करावे. गरम इंजिनावर टपकणारे पेट्रोल ही मिश्रणाची तक्रार नसून आगीचे निमंत्रण आहे.

घाट आणि उन्हाळा

मे महिन्यात बोर घाटात किंवा कसाऱ्यात गाडी बंद पडली, अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, तर नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ झाली असे समजावे. एसी पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुन्या टॅक्सीवाल्यांचा उपाय आजही लागू पडतो. कायमचा इलाज म्हणून पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून दूर फिरवावी आणि कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे का ते पाहावे. गरम इंजिन बंद करून लगेच सुरू होत नसेल, तर वाटीतले पेट्रोल उकळून घशात सांडलेले असते. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरावा आणि सेल्फ मारावा. पाय वरखाली केल्यास पंप आणखी पेट्रोल टाकतो.

उंचीचा परिणाम ई-२० च्या उलट दिशेने होतो. महाबळेश्वर सुमारे १३७२ मीटरवर आहे, तेथील हवा मुंबईपेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी विरळ असते आणि मिश्रण सहा-सात टक्के घट्ट होते. म्हणून जी पद्मिनी मुंबईत झटके देते आणि महाबळेश्वरच्या बाजारातून फिरताना मात्र गुळगुळीत चालते, तिचे मिश्रण खालच्या हवेत पातळ आहे, असा पक्का पुरावा तिने स्वतःच दिलेला असतो. सहलीपुरता जेट बदलण्याची गरज नसते. परत आल्यावर वहीत नोंद करावी.

गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल, तर टाकी अर्धी ठेवू नये, कारण रिकाम्या जागेतील दमट हवेतून इथेनॉल पाणी ओढून घेते. ती काठोकाठ भरावी किंवा पूर्ण रिकामी करावी. शेवटच्या दिवशी टाकीकडून एसी पंपाकडे येणारी नळी काढून, तिचे तोंड बुजवून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे वाटी कोरडी होते. आणि दसऱ्याला गाडी पुन्हा काढताना प्रथम टाकीच्या तळाचे अर्धा लिटर पेट्रोल बरणीत घेऊन, तळाशी थर दिसत नाही याची खात्री करूनच ती नळी परत जोडावी.